विजोड कान

३ मार्च

नवऱ्याची पट्टी सोडली आज. डावा कान गेला! त्या जागी नुसतं भोक आणि टाके. गाठ पूर्ण निघाली म्हणतात डॉक्टर — पण छातीठोकपणे कोणी सांगत नाही. हा आरशात बघून म्हणतो, "पंचाईत झाली. तुझं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोय गेली." मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

५ मार्च

कान मीच करणार. परक्यांचे रबरी कान, नाकं, बोटं रंगवण्यात हयात गेली, मग नवऱ्याचा दुसऱ्या कोणी का रंगवावा? आमच्याकडचे साचेवाले काका म्हणाले, "त्याला खिडकीशी बसव, उजेडात रंग जुळव." आमच्या कामाचा तो नियमच आहे. मी म्हटलं, काका, इतकी वर्षं शेजारी झोपतो. डोळे मिटून काढीन!

१४ मार्च

लावून बघितला. काकांचा साचा अगदी हुबेहूब, पाळीवरची घडीसुद्धा. पण लेकीने दिवा लावून पुन्हा बघितलं. तो बराच वेळ आरशासमोर उभा होता. मग म्हणाला, "हा कोणाचा?"

फिका. चांगला दोन छटा फिका! माझ्या रंगाकडे झुकलेला.

मेजावर आमचा मोठा डबा असतो, वर लिहिलंय 'अंगाचा रंग'. तो गोऱ्यांचा. काळ्या माणसासाठी त्यातच तपकिरी थेंब टाकत जायचं, पुरेसं वाटलं की थांबायचं. मला फार लवकर पुरेसं वाटलं.

१५ मार्च

भांडण. आई आमच्या लग्नाला आली नव्हती. "काळ्याच्या घरात पाऊल ठेवणार नाही," म्हणाली होती. तेव्हा मी ह्याला म्हटलं होतं, मला तुझा रंग दिसतच नाही. केवढा अभिमान होता मला त्या वाक्याचा! आज त्याने ते माझ्या पदरात परत टाकलं.

"दुकानातला पहारेकरी माझ्या मागे फिरतो — त्याला दिसतो. तुझ्या आईला दिसला. तुलाच तेवढा नाही. मग इतकी वर्षं राहिलीस कोणाबरोबर?"

लेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. ती मध्ये पडली. "बाबा, काळा-गोरा वंश निसर्गात नसतोच. शेताचा बांध मातीला ठाऊक असतो का? माणसांनी घातलेला तो."

"असेल. पण बांधावरून डोकं फुटलं ते माझं."

ती जेवणावरून उठली. मीही. ताटं तशीच झाकून ठेवली.

२ एप्रिल

बोलतो. कामापुरतं.

९ एप्रिल

आज आपणहून कामावर आला माझ्या. खिडकीशी खुर्ची ओढली, बसला. म्हणाला, "बघ."

'अंगाचा रंग' उघडलाच नाही. बिनरंगाचं रबर घेतलं आणि बघत बसले. गालाखाली तांबूस. कानशिलाशी निळसर. पाळीमागे तर चक्क जांभळा! किती रंग आहेत ह्या माणसात — आणि मी कधी मान वर करून बघितलं नाही. लाज वाटली, खूप वाटली. "रडू नकोस, रंग पातळ होईल," म्हणाला.

जुळला! सांधा काकांनाही सापडेना. आरशात बघून तो म्हणाला, "हा माझा." आजच लग्न झालं असं वाटलं.

२१ मे

गाठ परत आली. आता फुप्फुसात.

१० जून

उशीला टेकून बसतो. कान लावल्याशिवाय कोणाला भेटत नाही.

१७ जून

काल गेला.

अंत्यविधीसाठी त्याला तयार करायला आलेल्या माणसाने कानाची डबी उघडली. "ताई, यात दोन कान आहेत. हा फिका बरोबर जुळतोय." खरंच जुळत होता. रक्त उतरलेल्या त्या चेहऱ्याला, मी न बघता केलेला कान तंतोतंत जुळत होता!

मी दुसरा लावला. विजोड दिसला, दिसू दे. तेवढ्या जागी तरी तो स्वतःच्या रंगाने गेला.