तसबिरी वगळून घर

मी, वर्नेल क्लोटिल्ड मॅटिंगली, होबर्ट मॅटिंगली यांची विधवा, वय चौऱ्याऐंशी, दस्त-नोंदणी कचेरीतून निवृत्त, राहणार ३७, हॉथॉर्न लेन, वेलंड पार्क, सेंट लुईस काउंटी, मिसुरी, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे कोणी माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. अक्षर सिस्टर बोनाव्हेंचरनी गिरवून घेतलेले आहे. कॉन्व्हेंटात त्या आम्हा काळ्या मुलींना शेवटच्या बाकावर बसवत आणि अक्षर पहिल्या बाकाचे मागत. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. होबर्टची करवत, रंधा आणि दोन्ही हातोड्या शेजारच्या डेझ्मंड पिटमनला द्याव्यात. १९६८ साली आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात, डेझ्मंडच्या आजच्या घरात तेव्हा राहणाऱ्या मिस्टर केसलरिंगनी मध्ये सहा फुटी कुंपण घातले.

"शेजारी, उंची जरा जास्त झाली का?" होबर्टने विचारले.

"कुत्र्यासाठी आहे."

त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. दीड वर्षात ते घर विकून गेले. दहा वर्षांत गल्लीतले सगळे गोरे गेले. कुंपण राहिले, आणि दर वसंतात माझा नवरा त्याच्या सुटलेल्या फळ्या ठोकत बसे. "वाकडं दिसतं गं," म्हणे. डेझ्मंड, ते तुझ्या हद्दीत आहे. याच हातोड्यांनी पाड.

२. माझी जपमाळ आणि सुलेखनाचे पदक नात सिमोनला.

३. घर माझी एकुलती मुलगी रोझलिन हिला. याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

मूळ खरेदीखत १९४१ चे. त्यात कलम आहे: "गोऱ्या वंशाखेरीज कोणीही या जागेत राहू नये, घरकामाचे नोकर अपवाद." हे कलम मी कचेरीत एकतीस वर्षे खतांच्या नकलांवर टंकले. कोर्टाने ते केव्हाच निकामी केले. कागदावर आहेच.

या एप्रिलात छपरासाठी घरावर कर्ज काढायचे होते. किंमत ठरवायला माणूस आला. त्याने लावलेल्या किमतीत मैलभर पलीकडच्या गोऱ्या वस्तीत गॅरेजसुद्धा येत नाही. रोझलिनने दुसरा माणूस बोलावला आणि घर काळ्यांचे आहे हे कळू नये म्हणून आपले लोक करतात तेच केले. तसबिरी, केसांचे तेल, पुस्तके, सगळे गाडीच्या डिकीत. दार उघडायला, मालकीण म्हणून, तिच्या ऑफिसातली गोरी मैत्रीण कॅरलिन.

"ममा, तासाभराचा तर प्रश्न आहे. चर्चमध्ये जाऊन बस ना."

"माझ्या घरातून मी कुठेही जाणार नाही."

"मग निदान डॅडींचा फोटो तरी उतरव!"

होबर्टचा फोटो मीच उतरवला.

तो माणूस आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. त्याने कॅरलिनकडे पाहिले. ती गडबडली. "या... या घरकामाला येतात."

"लखलखीत ठेवलंय हो बाई तुम्ही! तुमचा नंबर द्या, आमच्या घरी पण हवंय कोणीतरी."

शेवटच्या बाकाबद्दल मी एकदा बिशपना चार पानी पत्र लिहून उत्तर घेतले होते. त्या दिवशी फडके पिळले, वाळत घातले. चौपन्न वर्षांत ते कलम प्रथमच पाळले गेले. मालकीण गोरी, मी अपवादात.

किंमत पहिलीच्या दीडपट आली. रोझलिन गाडीत बसून रडली. मला रडू आले नाही, अजून येत नाही. तसबिरी खोक्यात आहेत. भिंतीवर खिळे आहेत.

या कलमात मी अट घातली होती: विकताना तसबिरी भिंतीवर हव्यात, दार रोझलिनने स्वतः उघडावे, नाहीतर घर चर्चला. वकील म्हणाले, "मिसेस मॅटिंगली, शिक्षा नेमकी कोणाला करताय?" अट खोडली आहे. सिमोनचे कॉलेज आहे. रोझलिन, मिळेल तेवढी जास्त किंमत घे. दाराशी हवे त्याला उभे कर.

४. खोक्यातल्या अकराही तसबिरी माझ्या शवपेटीत ठेवाव्यात, होबर्टची सगळ्यांत वर. म्हणजे, रोझलिन, पुढच्या वेळी तुला काही उतरवावे लागणार नाही.

वरील सर्व मी वाचले आहे, आणि मला तेच म्हणायचे आहे.

वर्नेल क्लोटिल्ड मॅटिंगली (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
लिऑन्टीन ड्युप्री, जपमाळ मंडळातली सोबतीण
थॅडियस मूडी, वकील

वेलंड पार्क, ९ नोव्हेंबर २०२२