कच्च्या आवाजाचा अल्बम

३ जून
निर्णय झाला. अल्बम काढायचा. घरीच, मागच्या खोलीत. हल्लीची गाणी ऐकवत नाहीत, सगळं घासूनपुसून गुळगुळीत. माणूस गातोय की लिफ्ट, कळत नाही. माझा आवाज कच्चा, खरखरीत, खरा.

ती खोली हिला शिवणकामासाठी हवी आहे. सध्या मशीन हॉलमध्ये. मेहुणा साउंड रेकॉर्डिस्ट आहे. हिची अट, त्याने महिनाअखेरपर्यंत माझं गाणं कामासाठी घेतलं तर खोली माझी, नाही तर मशीनची. मी लगेच हो म्हटलं. बिचारी.

५ जून
रियाज केला नाही. मुद्दाम. रियाज म्हणजेच पॉलिश.

९ जून, सकाळी
पहिला टेक. दुसऱ्याच ओळीला सूर घसरला. ठेवला. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. म्हटलं, मला वाकडंच हवंय.

१४ जून
शब्द विसरलो. ला-ला केलं. त्या ला-लामध्ये काय वेदना आहे! मुलीला ऐकवलं. तिने विचारलं, बाबा, माइक चालू आहे हे माहीत होतं का? मुलांना कौतुक करायला आपण शिकवलंच नाही.

१९ जून
प्रत्येक टेकमध्ये भिंतीपलीकडची मशीनची घरघर. हिला बंद करायला सांगितलं. शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत म्हणाली. शिवाय कच्चा आवाज तुम्हालाच हवा होता ना, असंही. समजावलं, कच्चा आवाज वेगळा आणि कटकट वेगळी. त्याला कान लागतो.

२६ जून
मेहुण्याला पाठवलं. खोली गेली तर गाणार कुठे? चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. हे हिला सांगितलेलं नाही.

२८ जून
मेहुण्याचा फोन! म्हणाला, भावोजी, अंगावर काटा आला. इतका जिवंत आवाज स्टुडिओत बनवून मिळत नाही. परवा मोठा माइक घेऊन येतो. हिला फक्त एवढंच म्हटलं, बघ. खोलीच्या दारावर 'प्रवेश बंद' लावलं.

३० जून
मेहुण्याला एका नाटकासाठी शिवणयंत्राचा आवाज हवा होता. तो माझ्या गाण्यामागे सापडला. गाणं त्याने पुसून काढलं. फारसा त्रास झाला नाही म्हणाला.

हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून मशीन मागच्या खोलीत न्यायचं ठरलं. उचलायला मीच. मग ही पायडल मारत बसली, मेहुणा डोळे मिटून ऐकत राहिला. कुणी बेल वाजवू नये म्हणून मला बाहेर उभं केलं. दाराआडून सगळं ऐकलं. कुणी विचारलं नाही, पण माझ्या मते जरा जास्तच पॉलिश्ड आहे.