अमेरिकेचा चौक, जर्मनीची लेन आणि मामांची गाडी

तीर्थरूप आण्णामामांना,

कागलच्या कृष्णातचा नमस्कार, तोही चपला काढून, राधानगरीकडे तोंड करून केलेला. मामींचा गुडघा कसा आहे? अनुजाताईच्या लग्नाचा मांडव उभा राहिला असेलच. म्हैस व्याली का, तेही कळवावे. पत्र बघून दचकू नये. फोनवर तुम्ही माझे पहिले वाक्य संपू देत नाही आणि आजच्या विषयात शेवटची वाक्ये जास्त महत्त्वाची आहेत. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्याकडे देत आहे, संध्याकाळच्या धारेच्या आत मिळेल. (दोनदा वाचून पाहिले आहे. माझी दहावी राहिली ती गणितामुळे, मराठीमुळे नव्हे.)

तुमचा शब्द असा होता की, बेळगावच्या विमानतळावरून अमेरिकेचे जावई, म्हणजे आपल्या मोनाताईंचे यजमान यशराजदाजी आणि जर्मनीची भाची संयोगिताअक्का यांना उद्याच्या हळदीच्या आत सुखरूप आणायचे, गाडीवर ओरखडा येऊ द्यायचा नाही, मग गाडी माझी. भाड्याने चालवायची आणि पोट भरायचे. तेव्हा मुख्य गोष्ट आधी सांगतो. गाडीवर ओरखडा नाही. आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसून मी ती चारी बाजूंनी पाहिली आहे. पाहुणेही सुखरूप असून सध्या जेवत आहेत. बाकी सगळा तपशील आहे.

गाडी मी चालवावी असे ठरले होते, पण जावयाने किल्ली मागितल्यावर भाच्याने नाही म्हणावे, असे आपल्या घराण्यात झालेले नाही. मी मागच्या सीटच्या मधोमध बसलो. त्यामुळे एका कानात अमेरिका आणि दुसऱ्या कानात जर्मनी अशी सोय झाली, आणि बेळगावच्या पुढे कधी न जाताही दोन्हीकडच्या रस्त्यांवर मी आता अधिकाराने बोलू शकतो. अमेरिकेत रस्ते इतके रुंद की एका वेळी दोन गावांच्या वराती समोरासमोर जाव्यात. तिकडे माणूस गाडीत बसूनच खातो, गाडीत बसूनच औषध घेतो, आणि दूध संपले तरी गाडी काढतो. जर्मनीत काही रस्त्यांवर वेगाला मर्यादाच नाही, मात्र मोठ्या रस्त्यावर तेल संपून गाडी थांबली तर तो चालकाचा गुन्हा. (हे ऐकून मी लगेच काटा पाहिला. तुम्ही टाकी भरून दिली नव्हती, हे तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून लिहितो.) हॉर्नला अमेरिकेत शिवी समजतात आणि जर्मनीत धोक्याची सूचना. आपल्याकडे तो नमस्कार आहे, हे मी दोघांना समजावले, पण दोघांनाही पटले नाही.

निपाणीत चहा घेऊन निघालो आणि पहिल्याच चौकात दाजींनी गाडी पूर्ण थांबवली. अमेरिकेत म्हणे चौकात चारी बाजूंनी प्रत्येकाने थांबायचे आणि जो आधी आला त्याने आधी जायचे. दाजी आपल्या पाळीची वाट बघत राहिले. चारी बाजूंनी लोक आधी येत राहिले आणि आधी जात राहिले. मग एक पैलवान काचेवर टकटक करून म्हणाला, "पावणं, बंद पडली व्हय गाडी?" दाजी म्हणाले, "न्हाय, थांबलोय." कोल्हापुरात जन्मलेला माणूस चौकात आपणहून थांबतो, यावर त्याचा विश्वास बसणे शक्य नव्हते. तो मागे वळून म्हणाला, "लाजतंय बिचारं. लावा रं हात." पानटपरीवरचे सगळे आले. दाजी आतून इंजिन चालू असल्याचे सांगत होते, बाहेरून "ब्रेक सोडा की वो, आमच्या कमरा मोडत्यात" असे उत्तर येत होते. शेवटी दाजींनी ब्रेक सोडला आणि लोकांनी गाडी थेट गॅरेजच्या दारात नेऊन लावली. (ओरखडा नाही. हातांचे ठसे होते, ते पुसले.)

तेव्हा अक्का म्हणाली, आता मी. अमेरिकेत कोणीही कुठल्याही बाजूने पुढे घुसतो, जर्मनीत ओव्हरटेक फक्त वेगाच्या लेनच्या बाजूने. आपल्याकडे ती उजवी बाजू. नियम चांगला आहे, मीही वहीत उतरवून घेतला. पण उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आपल्या हायवेवर दुभाजकाला धरून, वेगाच्या लेनमधूनच जातो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या उजवीकडून सायकलही जात नाही. डावा सगळा रस्ता मोकळा पडलेला, आणि अक्का ट्रॅक्टरच्या मागे, हॉर्न न वाजवता. दाजी म्हणाले, "घाल की डावीकडनं, अमेरिकेत पोलीससुद्धा घालतोय." अक्का म्हणाली, "म्हणूनच तुम्हांस्नी बसाय दिलंय, चालवाय न्हाय." जावयाशी असे बोलू नये हे मी सांगणार होतो, पण चालकाशी बोलू नये असाही जर्मनीत नियम आहे.

पुढे रुंदीकरणाचे काम चालले असल्याने डायव्हर्जनचे तीन बाण लागले, तिन्ही वेगळ्या दिशांना. जर्मनीत बाण माणसाला पुन्हा हमरस्त्यावर आणून सोडतो, असे अक्का म्हणाली, पण कुठला बाण ते तिला सांगता येईना. अशा वेळी अनुभवी माणूस लागतो. मी ठामपणे सांगितले की, पुढचा ट्रॅक्टरवाला इकडचाच आहे, त्याला वाट ठाऊक असणार, त्याच्या मागोमाग चल. ट्रॅक्टर वळला, आम्हीही वळलो. आणि खरोखरच, त्याला कुठे जायचे ते पक्के ठाऊक होते.

तात्पर्य, अमेरिकेत रस्ता मोठा, जर्मनीत नियम मोठा आणि आपल्याकडे माणूस मोठा. असा तिहेरी अनुभव असलेला दुसरा ड्रायव्हर तुम्हाला जिल्ह्यात मिळणार नाही. तेव्हा शब्दाप्रमाणे गाडी माझ्या हवाली करावी. मामींना आणि मोनाताईंना नमस्कार सांगावा. दाजी लवकरच भेटतील, एवढेच ताईंना सांगावे.

तुमच्या गाडीला जिवापाड जपणारा भाचा,
कृष्णात

ता. क. गाडी साखर कारखान्याच्या यार्डात, उसाच्या रांगेत आहे. पुढे दोन ट्रॉल्या, मागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. बाहेर पडायची वाट काट्यावरून, म्हणजे वजन करूनच आहे. पाहुण्यांना मोटारसायकलवरून पाठवायची तयारी मी केली होती, पण या रांगेत कोणी मध्ये घुसत नाही हे बघून दोघेही थक्क झाले आहेत. इतकी शिस्त तिकडेही नाही, यावर अमेरिका आणि जर्मनीचे प्रथमच एकमत झाले असून, आपला नंबर आल्याशिवाय इथून हलणे दोघांनाही मान्य नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांना भाकरी आणि ठेचा दिला आहे.

ता. क. २. खरी विनंती अशी की, काट्यावर ऊस दाखवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. तरी आपल्या मळ्यातल्या दोन मोळ्या परतीच्या टेम्पोने पाठवाव्यात.

ता. क. ३. मोळ्या पाठवू नयेत. मागच्या ट्रॅक्टरवाल्याला हंगाम संपल्यावर बायकापोरांना घेऊन बीडला जायचे आहे. ते भाडे मी घेतले आणि बयाणा म्हणून त्याने डिकीत एक मोळी टाकली. काट्यावर आताच नोंद झाली. ऊस तुमच्या नावावर लावला आहे. गाडीचा मालक कोण असे विचारले, तेव्हा मागे रांग खोळंबली होती म्हणून माझे नाव सांगून टाकले.

हळदीला पोहोचतो.