बाराशे पन्नासच्या पुढचं

२ नोव्हेंबर, शनिवार

पोचलो एकदाचा. एकतीस वर्षं वूच शहरात ट्राम चालवली, निवृत्त झाल्यावर उन्हाळी जत्रांतून मध्ययुगाचं सोंग घेऊन, भाला धरून पहारेकरी झालो, आणि आता तळ्यातल्या या बेटावर अस्सल मंडळींबरोबर हिवाळाभर राहायचं बोलावणं. जत्रेतले हौशे आम्ही, दुपारी चिलखत काढून गाडीत आइस्क्रीम खाणारे. ही माणसं तशी नाहीत. इथे साल बाराशे पन्नास चालू आहे, आणि ते झोपेतसुद्धा उतरत नाही. मोबाईल, बूट, घड्याळ, सगळं पलीकडच्या काठावर पेटीत ठेवून आलो. किंगाला, माझ्या मुलीला, बजावून आलोय की नाताळपर्यंत फोनची वाट बघू नकोस.

होडीत सोबतीला हालिनाबाई होत्या. निवृत्त शिक्षिका, माझ्यासारख्याच नवख्या. साठी उलटलेली दोन माणसं भेटली की बोलणार काय, दुखणीच. त्यांनी दाढेवर बसवलेली टोपी दाखवली, मी छातीतल्या पेसमेकरबद्दल सांगितलं. तो काढला तर हृदय आपणहून चालायचं नाही, हे डॉक्टरांचं म्हणणंही हसत हसत ऐकवलं. त्या म्हणाल्या, म्हणजे अजून विजेवरच चालताय, ट्रामवाले ते ट्रामवालेच. पोट धरून हसलो.

जेवायला वरीची पेज, आंबवलेला कोबी आणि धुरावलेला मासा. गवताच्या गादीवर पाठ टेकली तेव्हा खरंच सुख वाटलं. ही वही तेवढी गादीखाली दडवली आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

इथली रीत आज कळली. दर शनिवारी सकाळी झडती. एकेकाने मधे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर बाराशे पन्नासच्या पुढचं काही सापडतंय का ते पाहायचं. सापडेल त्याला मधाची पोळी आणि आठवडाभर शेकोटीजवळची जागा. थंडीत त्या जागेची किंमत पोळीहून जास्त.

म्होरकी दोब्रोखना. तिचं खरं नाव कुणी विचारत नाही. आवाज नर्ससारखा मऊ. लोहार याक्साने माझ्या सदऱ्याची मशीनची शिवण पकडली आणि सदरा चुलीत गेला. हालिनाबाईंचा चष्मा गेला. चष्मा निघायला अजून तीसेक वर्षं आहेत म्हणे. बिचाऱ्या दिवसभर खांबांना धडकत होत्या, तरी कौतुक चाललं होतं की काय ही शिस्त.

एक पाहिलं. सगळ्यांच्या डाव्या दंडावर, लस टोचल्याची खूण असते तिथे, नाण्याएवढा गुळगुळीत व्रण आहे. तलवारबाजीचा असेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लाज वाटते लिहायला.

आठवडाभर याक्सा मला टोचत होता. या शहरी डोळ्यांना ट्रामचा नंबर सोडून काही दिसत नाही, म्हणायचा, आणि सगळे खिदळायचे. जिव्हारी लागलं होतं. आज हालिनाबाई मधे उभ्या राहिल्या. कुणाला काही सापडेना. सगळे उठायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दाढ बघा की.

पाठीवर थापा पडल्या. मला वाटलं हसतील आणि सोडून देतील. याक्साने सांडशी आणली. चौघांनी त्यांना धरलं. मधाची पोळी माझ्या हातात होती. दाढ निघाली तेव्हा बाकीच्यांनी तोंडं उघडून त्यांना धीर दिला, आणि तेव्हा दिसलं की मागची दाढ कुणालाच नाही.

शेकोटीजवळची जागा नको म्हणालो, तर सगळ्यांना वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर

घरी जातो म्हणून सांगितलं. दोब्रोखना हाताला धरून मला काठावर घेऊन गेली. तळं गोठलंय. बर्फ पाऊल पेलणार नाही इतका पातळ आणि होडीने फुटणार नाही इतका जाड. पंधरा दिवस तरी असंच असतं म्हणाली. कुणी अडवत नाहीये हो तुम्हाला, असंही म्हणाली.

हालिनाबाईंचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, उलट उपकार केलेत, फार हलकं वाटतंय. दंडावर फडकं बांधलेलं. लसीची खूण त्यांनी स्वतःच दाखवून दिली होती.

२१ नोव्हेंबर

सगळे लाकडं फोडायला गेले होते. बर्फावर उतरलो. सात पावलं. मग गळ्यापर्यंत आत. याक्सानेच ओढून काढलं. अंग पुसलं, कढत सूप भरवलं, स्वतःची घोंगडी दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओले कपडे त्यानेच बदलले. छातीवरचा पेसमेकरचा व्रण पाहिला असेल? पाहिला असला तरी बोलायचं ते शनिवारच्या झडतीतच, ही इथली रीत.

२२ नोव्हेंबर

हालिनाबाईंना म्हणालो, पेसमेकरबद्दल बोलू नका. किंगाचं नाव घेतलं. हात जोडले. त्या हसतात फक्त. म्हणाल्या, तुम्ही माझं भलं केलंत, मी कशी मागे राहीन —

बर्फ तसाच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं त्यांनी. रागाने नाही. छातीकडे बोट दाखवून, वर्गात हुशार मुलीचं नाव घ्यावं तसं.

मी ओरडून सांगितलं की हे काढलं तर मी मरेन. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोब्रोखना म्हणाली, बाराशे पन्नासमध्येही हृदयं होतीच की. ज्यांची चालायची त्यांची चालायची.

आणि ज्यांची नाही?

त्यांची नाही, म्हणाली.

सुरी तापते आहे. वही सापडली, पण कुणी रागावलं नाही. लिहून घ्या म्हणाले. चौघं बसलेत, हातपायांपाशी एकेक. पळू कुठे —

किंगा, मी हौस म्हणून आलो होतो गं. माझ्याच तोंडाने मी —

हालिनाबाई सदऱ्याची नाडी सोडताहेत. पोळीचा अर्धा तुकडा माझ्यासाठी ठेवलाय म्हणे. म्हणतात, घाबरू नका, फार वेळ लागत नाही. फक्त काढलेली वस्तू ज्याची त्यानेच उठून तळ्यात टाकायची असते, तीसच पावलं आहेत, तेवढं तुम्हाला चालवेल ना —