बगळ्याच्या पायातला दोरा

४ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. रीत म्हणून घातलाय, मनापासून नाही. फोन केला की गिऱ्हाईक बसलंय म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. निदान हे तरी पुरतं वाच.

काल प्रदर्शन उघडलं. तू छापलेला फोटो परस्पर तिकडे गेला होता, त्यामुळे मी तो पहिल्यांदा भिंतीवरच पाहिला. पांढराशुभ्र बगळा, शांत पाणी, सगळं कसं चकचकीत. खाली माझी ओळ, की गळाच्या तुटक्या दोऱ्यात अडकलेला बगळा. आणि दोरा कुठेच नाही! दादा, घरट्यांच्या फोटोंसाठी मी अकरा दिवस चिखलात पोटावर पडून होते. अकराव्या दिवशी हा दिसला. नायलॉनचा दोरा पायात करकचून रुतलेला, दुसरं टोक बुडालेल्या फांदीला. एकच फोटो काढला आणि दोरा कापायला धावले. तरी तो वाचला नाही. आणि तू तो दोराच पुसून टाकलास.

लोक चष्मे वर-खाली करून दोरा शोधत होते. मासेमारी क्लबचे अध्यक्ष हसून म्हणाले की बाईंना भास होतात. तळ्याच्या समितीची माणसं शेजारीच उभी होती. घरट्यांच्या बाजूला गळ टाकायला बंदी घालायची की नाही, हे ती पंचवीस तारखेला ठरवणार आहेत, आणि माझ्याकडे दाखवायला हा एकच फोटो होता. चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला.

निगेटिव्ह तुझ्याकडे आहे. पंचवीसच्या आत खरा फोटो छापून पाठव. वहिनीला नमस्कार, तिला मात्र मनापासून.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. गावोगाव गरगरत असतेस म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं, पण जिभेलाही भिंगरी लागलीय हे आता कळलं.

तुझं पत्र आधी वहिनीने वाचलं आणि मला चहा न देताच ती आत गेली, म्हणजे ती कुणाच्या बाजूने आहे ते समजलं. पण मीही ऐकून घेणारा नाही. बाबांच्या स्टुडिओत मी तीस वर्षं लोकांचे चेहरे साफ करतोय. आजवर एकानेही माझा मुरूम परत दे म्हणून पत्र धाडलेलं नाही. तुझ्या चिठ्ठीत नीट करून छाप एवढंच होतं. मला वाटलं, निगेटिव्हवर ओरखडा आहे. ओरखड्याचा फोटो या दुकानातून बाहेर गेला असता तर बाबांनी मला फाडून खाल्लं असतं. तीन दिवस कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसलो, आणि वर तू मलाच झापतेस?

समितीला फोटोच कशाला हवा? तुला तोंड आहे ना? माझ्यापुढे तर चांगलं चालतं. सध्या शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो चालू आहेत, डोकं खाजवायला सवड नाही. निगेटिव्ह सवडीने बघतो.

दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. ओरखडा? दादा, ओरखड्याचं पाण्यात प्रतिबिंब पडत नाही. दोऱ्याचं पडलं होतं, आणि तू तेही पुसलंस. म्हणजे तुला सगळं कळलं होतं. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस.

तू नेहमी हेच करतोस. बैठकीत लावलेला आईचा फोटो आठव. तिच्या हनुवटीखालचा व्रण तू असाच पुसलास, आणि तोच फोटो मलाही दिलास. परवा मी आरशासमोर उभी राहून आठवत होते, तो व्रण डावीकडे होता की उजवीकडे. आठवेना. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून झोपायचे रे! आठ वर्षं ती गुळगुळीत हनुवटी बघून बघून माझी खरी आई पुसली गेली. या रागाचं मी काय करू, सांग.

निगेटिव्ह सवडीने नको, ताबडतोब हवी. नाहीतर मी येते आणि दुकानातले सगळे खण उपसते. इथे लोभ असावा असं लिहायचं असतं. या खेपेला लिहीत नाही.

धाकटी

१८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. सोबत दोन फोटो आहेत. पहिला बगळ्याचा, निगेटिव्हवर आहे तसाच. दोरा आहे, पाण्यातलाही आहे. आधीच्या फोटोतला दोरा मी पुसला होता, हे मागे लिहून खाली सही केलीय आणि दुकानाचा शिक्का मारलाय. पंचवीसला कुणी हसलं तर ती बाजू दाखव. हवं तर मी स्वतः येऊन उभा राहतो.

हो, दोरा मला दिसला होता. तो पाय बघवेना. जे बघवत नाही ते पुसायचं, एवढंच मला येतं.

दुसरा फोटो आईचा. व्रण डावीकडे आहे. ती जिन्यावरून पडली असं तुला सांगत आलो, पण ती पडली नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो, तू वर्षाचीही नव्हतीस. बाबांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही म्हणून मी रागाने कॅमेऱ्याचा स्टँड भिरकावला, तो तिला लागला. जिन्याची गोष्ट तिनेच रचली, मला बाबांच्या मारापासून वाचवायला. शेवटपर्यंत ती कुणापाशी काही बोलली नाही.

बैठकीतला फोटो उतरवून आता हा लावलाय. वहिनीलाही सगळं सांगितलं. तुला जेवढं रागवायचं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन.

तू त्या व्रणावर बोट ठेवून झोपायचीस ना, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

तुझा
दादा