वीस चकत्या आणि उलटा टी

चि. प्रतीक्षाबाईस,

देऊळगाव राजाहून भागवतमामाचे आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझी पुण्याची ड्रॉइंग काढायची नोकरी आणि तुझ्या घरमालकिणीचा दमा कसा आहे ते कळव. तुझी मामी खुशाल आहे. माझं विचारू नको. (नाही विचारलंस तरी सांगतोच.)

तुझी मैत्रीण अनुपमा जालन्याच्या ज्या कंपनीत माल तपासते, तिथलं पेरणीयंत्राच्या वीस लोखंडी चकत्यांचं काम तू मला मिळवून दिलंस. सोबत ड्रॉइंग आलं. अठ्ठावीस वर्षं लेथ चालवतो, मापं मला वाचता येतात. पण ह्या कागदावर चकतीच्या मधल्या भोकाच्या मापाशेजारी एक चौकट, चौकटीत उलटा टी, पुढे बारीक आकडा आणि शेवटी 'ए'. ए म्हणजे ए-वन माल, असं मी धरलं. उलटा टी म्हणजे माल उभा ठेवावा (फ्रिजच्या खोक्यावर बाण असतो तसा). म्हणून वीसही चकत्या पेटीत उभ्या लावल्या, मध्ये कडबा कोंबला आणि जालन्यापर्यंत एसटीत पेटी मांडीवर धरून बसलो.

अनुपमानं वीसच्या वीस नापास केल्या. मी म्हणालो, "भोक तर मापात हाय ना बाई. काऊन वापस करून राह्यल्या?"

"काका, भोक मापात आहे, पण वाकडं आहे."

माझ्या कामाला वाकडं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तिनं चकती काळ्या दगडाच्या सपाट टेबलावर ठेवली, भोकात दांडा घातला, शेजारी काटकोन तपासायचा गुण्या टेकवला. दोहोंमधल्या फटीतून मला समोरची खिडकी दिसली. मग कळलं की 'ए' म्हणजे चकतीची ती बाजू, जी आधी टेकवायची. आणि उलटा टी म्हणजे भोक त्या बाजूशी काटकोनात हवं. मी भोक पाडून चकती उलटली होती, पुन्हा चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, धरताना ती जराशी तिरकी बसली होती आणि मग ती बाजू घासली होती. तिथंच बिघडलं. 'भोक सरळ पाडा' असं मराठीत लिहायला काय झालं होतं, असं मी चिडून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, किती सरळ, तेही लिहावं लागतं. तो बारीक आकडा तेच सांगत होता.

परतीच्या वाटेवर पेटी पायाशी आडवी पडली होती. मी उचलली नाही.

दुसऱ्या वीस चकत्यांची बाजू आणि भोक, चक न सोडता एकाच पकडीत केलं. तीन दिवस लागले, मामीशी दोनदा भांडलो. सगळ्या पास झाल्या. पण असलं ड्रॉइंग पुन्हा हातात धरणार नाही, हे तुला लेखी कळवतो.

तुझा वैतागलेला,
भागवतमामा

ता. क. धाड गावचा लेथवाला ज्ञानेश्वर तसलंच ड्रॉइंग घेऊन आला होता. त्याला उलटा टी समजावला. त्यानं गावोगाव सांगितलं, आणि आता रविवारी नऊ लेथवाले माझ्याकडे शिकायला येणार आहेत. मी नाही म्हणालो नाही.

आणखी एक. अनुपमा म्हणते, अशी चिन्हं चौदा आहेत. मला एकच येतं. तू शुक्रवारीच निघ आणि शनिवारी मला बाकीची शिकव. तू माझीच विद्यार्थिनी आहेस असं मी लोकांना सांगितलंय, तेव्हा रविवारी मागे बस, आणि मी चुकलो तर हळूच खोक.