गेटवरच्या चित्रातली करंगळी

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. हसू नका. रागावून बोलायला घरात दुसरं कुणी नाही, तुमच्या नातीशी कालपासून अबोला आहे. तुम्हाला ती आठवत असेल ती दुडूदुडू चालणारी, तुमचे ब्रश तोंडात घालणारी. आता ती गुडगावच्या एका स्टुडिओत जाहिरातींची चित्रं काढते, जपानी कॉमिक्सच्या ढंगाची. त्याला मांगा म्हणतात. मी एकदा कार्टून म्हटलं तर दोन दिवस तोंड फुगवून बसली होती. नाकावरचा राग तुमचाच.

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर, गार्डच्या केबिनला लागून, जाहिरातींचा एक दिव्यांचा बोर्ड आहे. मी पुण्याला गेले होते तेव्हा त्यावर थंड कॉफीची जाहिरात लागली. ऑफिसातली बाई, गळ्यात आयकार्ड, डोळे बशीएवढे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि उकडतंय म्हणून शर्टाची वरची बटणं सोडते आहे. म्हणजे हे सगळं मला नंतर दिसलं. आधी दिसला तो फोटो, जो आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांनी त्या बाईला गळ्यापासून कमरेपर्यंत काळा पट्टा फासला होता आणि खाली लिहिलं होतं, 'यह फैमिली सोसायटी है या क्या है?' रविवारी कमिटीची मीटिंग ठरली. मी कमिटीवर आहे. त्याच सकाळी स्टेशनवरून टॅक्सीत डुलक्या घेत आत शिरले, बोर्डाकडे मान वळवायचंही भान नव्हतं, आणि आंघोळ करून तशीच मीटिंगला गेले.

साहेब तावातावाने बोलत होते. "मैडम, बहू-बेटियाँ इसी गेट से आती-जाती हैं. आज ही उतरवाइए." तळमजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "अंकल, ड्रॉइंग है यार. पसंद नहीं तो मत देखो." मग मी उभी राहिले, बाबा. ते चित्र नातीच्या स्टुडिओचं आहे हे मला ठाऊक नव्हतं, मी उभी राहिले ती तुमच्यासाठी. सांगितलं की माझे वडील सरकारी प्रचार खात्यात चित्रकार होते. बाळाला पाजणाऱ्या आईचं त्यांचं पोस्टर दिल्लीच्या बसस्टॉपवर लागलं, तक्रारी आल्या, त्यांच्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं की छातीवर पदर रंगवून द्या. वडील म्हणाले, बदली करा, पदर रंगवणार नाही. पुढची सगळी नोकरी त्यांनी आकडेवारीच्या तक्त्यांवर रेघा मारण्यात काढली, पण त्या चित्राला ब्रश लावला नाही. "चित्र से गंदा तो वह काला पट्टा है," असंही मी ठणकावलं. टाळ्या पडल्या. बोर्ड राहणार असं ठरलं. साहेब खुर्ची सरकवून निघून गेले, आणि मी मोठ्या दिमाखात, ज्याच्यासाठी भांडले ते चित्र एकदा बघावं म्हणून गेटवर गेले.

आणि तिथे माझा हात आहे, बाबा. ती बाई कुणीही असो, तिच्या गळ्याशी बटण सोडणारा हात माझा आहे. लहानपणी आपल्या सरकारी क्वार्टरच्या जाळीच्या दारात चिरडलेली, बाहेर वळून बसलेली करंगळी, वरच्या पेरावरच्या खाचेसकट. त्या हातामागे काय काय काढलं आहे ते मी तुम्हाला लिहू शकत नाही. माझे कान तापले, मी केबिनची कड धरली. "मैडम, तबीयत ठीक है?" गार्डने विचारलं. मी तो हात ओढणीखाली लपवला. त्याने काय पाहिलं असणार? काहीच नाही. तरी लपवला.

मे महिन्यात एक दिवस मेट्रोतून घामाघूम होऊन आले होते. दारातच कुर्त्याचं गळ्याशी लावलेलं बटण सोडत होते तर ही म्हणाली, "आई, असंच थांब, हलू नको." मी थांबले. आपल्या घरात कुणी हललंय का कधी? तुमच्यासाठी आम्ही सगळे उभे राहिलो. पोस्टरवरची पाटी घेतलेली मुलगी मी, लसीचा डोस घेणारं बाळ दादा. ज्याला हाक मारली त्याने काम टाकून उभं राहायचं. तिने पटापट फोटो काढले आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. तुमची रीत घरात चालू आहे असं वाटलं.

काल तिला विचारलं तर ती थंडपणे म्हणाली, "बघून काढायला रेफरन्स होता, आई. आजोबा नाही का घ्यायचे?" मी म्हटलं, आजोबांचं चित्र बाळाच्या दुधासाठी होतं, तुझं कॉफी खपवण्यासाठी आहे. दूध आणि कॉफी एकच का? "तू तर मीटिंगमध्ये भाषण दिलंस म्हणे. मग आता काय झालं? तुझा हात निघाला म्हणून चित्र वाईट झालं?" मग तीच जरा नरमली. म्हणाली, "माझं पहिलं मोठं काम आहे गं. सोसायटीने तक्रार केली तर क्लायंट माझ्यावर ढकलेल. आणि चेहरा तुझा नाहीये ना? कोणाला कळणार?"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. क्वार्टरचं स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही उंबऱ्यात चहा घेऊन उभे, मी पाटावर. आई खाली मान घालून म्हणते, "बसस्टॉपवर लोक मला बघतात हो." आणि तुम्ही, खात्याच्या साहेबांपुढे न वाकलेले तुम्ही, हसत म्हणता, "अगं, चेहरा कुठे तुझा आहे? कुणाला कळतंय?" आई पुढची पोळी लाटायला घेते. तिचा आवाज त्या विषयावर पुन्हा ऐकल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते हे की ते पोस्टर होतं तोवर ती मला घेऊन दुधाच्या बूथवर मागच्या गल्लीतून जायची, पार पार्काला वळसा घालून. बसस्टॉपच्या रस्त्यावर कुत्री असतात म्हणून, असं मला वाटायचं.

तुम्ही पदर रंगवला नाहीत, चांगलं केलंत. मी आजही तेच म्हणेन. पण तिला विचारलं होतंत का, बाबा? इतकी वर्षं ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले आणि त्या गोष्टीत आई कुठेच नव्हती. नातीवर ओरडायला तोंड उघडते आणि मध्ये तुम्ही येता. तुमच्यावर रागवावं तर नातीला काय बोलू?

येत्या रविवारी साहेबांनी पुन्हा मीटिंग मागितली आहे. मी उतरवा म्हटलं तर पोरीचं काम जाईल, राहू द्या म्हटलं तर तो हात माझा आहे हे पोटात ठेवून राहू द्यावं लागेल. मी काय म्हणणार आहे ते मला अजून माहीत नाही. हे पत्र तुमच्या पोस्टरांच्या गुंडाळीत ठेवते, दुसरीकडे पाठवणार तरी कुठे.

एवढंच सांगायचं राहिलं. आज सकाळी दूध आणायला मी मागच्या गेटने गेले.